माडापोफळींत रमलेला वैद्य : गार्सिया द ओर्ता

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरामागें माडापोफळींची वाडी आहे. नारळ केव्हां उतरवावा, सुपारी कोणत्या महिन्यांत पिकते, पोफळीची विरी गळून पडली म्हणजे तिचें काय करावें, हें तुम्हांस कोणीं शिकविलेलें नाहीं. तें तुम्हीं वडीलमाणसांच्या पाठीमागें हिंडतां हिंडतांच उचललेलें आहे. परंतु नित्य पाहण्यांतील वस्तूचा एक दोष असा कीं, ती आपण पाहतों खरी, पण तिच्याकडे लक्ष देत नाहीं. उत्तरपत्रिकेंत पोफळीच्या झाडाचें वर्णन लिहावयास सांगितलें, तर वाडीवाल्याचा मुलगाही लेखणी चावीत बसतो, हा माझा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. म्हणून यंदा मी तुम्हांस अशा एका मनुष्याचें चरित्र सांगणार आहें कीं, ज्यानें साडेचारशें वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडून येऊन आपलींच झाडें अगदीं नव्या डोळ्यांनीं पाहिलीं, त्यांचीं नांवें येथील लोकांस विचारून घेतलीं, आणि जें पाहिलें तें पुस्तकरूपानें छापून ठेविलें. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. त्याच्या चरित्राचा शेवट दुःखाचा आहे आणि आम्हां ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांस खालीं मान घालावयास लावणारा आहे. तो भाग मी गाळणार नाहीं. कारण अर्धें सांगितलेलें चरित्र हें चरित्रच नव्हे.

गार्सियाचा जन्म पोर्तुगालच्या पूर्व सरहद्दीजवळील कास्तेलो द विद या गांवीं इ. स. १५०० च्या सुमारास झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. इ. स. १४९२ मध्यें स्पेनच्या राजाराणीनें आपल्या राज्यांतील यहुदी लोकांपुढें दोनच मार्ग ठेविले : ख्रिस्ती व्हावें, नाहीं तर देश सोडावा. ओर्ता कुटुंब देश सोडून पोर्तुगालांत आलें. परंतु पांचच वर्षांनीं, १४९७ सालीं, पोर्तुगालच्या राजानेंही तेथील यहुद्यांस सक्तीनें बाप्तिस्मा देवविला. अशा लोकांस ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. त्यांचीं नांवें बदललीं, उपासनेचें ठिकाण बदललें. पण शेजाऱ्यांच्या मनांतील संशय मात्र होता तसाच राहिला. घराची चूल कोणत्या दिवशीं पेटली नाहीं, अंगावर धुतलेले कपडे कोणत्या दिवशीं आले, एवढ्यावरूनही त्यांच्यावर किटाळ येई. अशा भयाच्या छायेंत गार्सियाचें बाळपण गेलें.

त्याचा बाप व्यापारी होता. मुलाची बुद्धि पाहून त्यानें त्यास स्पेनमधील सालामांका व आल्काला या नामांकित विद्यापीठांत पाठविलें. तेथें वैद्यकाचा अभ्यास करून गार्सिया स्वदेशीं परतला, आणि १५२६ सालीं त्यास वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला. कांहीं वर्षें जन्मगांवीं रोगी तपासल्यावर तो लिस्बनच्या विद्यापीठांत अध्यापक झाला. त्या काळच्या वैद्यकाची रीत अशी होती कीं, शेंकडों वर्षांपूर्वींच्या ग्रीक व अरबी ग्रंथकारांनीं जें लिहून ठेविलें, तें पाठ करावें व त्यावर टीका लिहावी. मिरीं, सुंठ, वेलदोडे, दालचिनी, हिंग हीं औषधें युरोपांतील प्रत्येक वैद्य वापरी. पण मिरीं वेलीला लागतात कीं झाडाला, हें डोळ्यांनीं पाहिलेला वैद्य तेथें विरळा. ही उणीव तरुण अध्यापकास बोचत असावी. शिवाय पोर्तुगालांत धर्मन्यायसभा, म्हणजे ‘इन्क्विझिशन’, स्थापावी अशी खटपट त्याच वर्षांत चालू होती; ती सभा १५३६ मध्यें स्थापन झालीही. त्यापूर्वींच, १५३४ च्या मार्च महिन्यांत, मार्तिं आफोंसु द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून गार्सियानें लिस्बन सोडलें, आणि सप्टेंबरांत तो गोव्यास उतरला. पुन्हा त्यानें मायदेशाचें तोंड पाहिलें नाहीं.

पहिलीं कांहीं वर्षें सोझाच्या आरमाराबरोबर त्यास किनाऱ्यानें वरखालीं हिंडावें लागलें. गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई व तिच्या आसपासचीं बेटें पोर्तुगीजांस दिलीं, तेव्हां गार्सिया या भागांतच वावरत होता. आज रायगड जिल्ह्यांत मोडणारें घारापुरी बेट त्यानें पाहिलें आणि तेथील कोरीव लेण्यांचें वर्णन आपल्या ग्रंथांत केलें. एवढें मोठें काम मनुष्यांच्या हातून झालें असेल काय, असें पाहणारास वाटावें, इतका तो त्या मूर्ती पाहून थक्क झाला. आणि पुढें तेथें गुरेंढोरें शिरून लेण्यांची नासाडी होत असल्याबद्दल त्यानें हळहळही व्यक्त केली. ज्या काळीं त्याचे पुष्कळसे देशबांधव दुसऱ्यांचीं देवळें पाडण्यांत पुण्य मानीत, त्या काळीं ही हळहळ लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

सोझा कांहीं वर्षांनीं पोर्तुगालास परतला. गार्सिया गोव्यासच राहिला. तेथें त्यानें घर बांधलें, लग्न केलें, त्यास दोन मुली झाल्या. घराभोंवतीं औषधी वनस्पतींची बाग लाविली. वैद्यकीबरोबर तो औषधी द्रव्यांचा व रत्नांचा व्यापारही करी. गव्हर्नरापासून गरीब शिपायापर्यंत सर्व प्रकारचे रोगी त्याच्याकडे येत. पण त्याचा सर्वांत मोठा यजमान गोव्याबाहेरचा होता. तो म्हणजे अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा.

आपल्या किनाऱ्याशीं या मैत्रीचा संबंध असा कीं, निजामशाहीचें मुख्य बंदर चौल हेंच होतें. वरचें चौल निजामशहाचें, आणि खाडीच्या तोंडाशीं रेवदंड्यास १५२१ पासून पोर्तुगीजांची गढी. घाटावरचें कापड व धान्य येथें उतरे, तांबड्या समुद्राकडून घोडे येत, आणि आगरांतील नारळ-सुपारी बैलांच्या पाठीवर घाट चढे. अहमदनगरच्या दरबारांत अरबी, इराणी व हिंदु असे तिन्ही प्रकारचे वैद्य होते. गार्सिया त्यांच्याशीं वादविवाद करी, आणि त्यांचें ऐकूनही घेई. स्वतः सुलतानानें त्यास रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें शिकविलीं, आणि गार्सियानें सुलतानास त्यांचीं लॅटिन नांवें सांगितलीं. एक ख्रिस्ती नांवाचा यहुदी आणि एक मुसलमान राजा समोरासमोर बसून औषधांचीं नांवें घोकीत आहेत, हें चित्र मनापुढें आणा. विद्येच्या दारांत चपला काढल्या म्हणजे जातपात तेथेंच बाहेर राहते.

इ. स. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारनें मुंबईचें बेट गार्सियास खंडानें दिलें. वार्षिक खंड सुमारें १,४०० पार्डो ठरला. आजची मुंबई पाहणारास हें खरें वाटणार नाहीं. पण तेव्हां ती कोळ्यांचे पाडे, भाताचीं खाचरें, मिठागरें आणि माडांचीं आगरें यांनीं भरलेलीं लहानलहान बेटें होती. आजचें अलिबाग किंवा श्रीवर्धन जसें दिसतें, तशीच थोडीफार ती दिसत असेल. गार्सियानें तेथें एक घर बांधलें, आणि त्याच्या सभोंवारच्या बागेंत एक आंब्याचें झाड होतें, तें वर्षांतून दोनदां फळ देई. या झाडाचा त्यास मोठा अभिमान होता. आपल्या ग्रंथांतही तें नमूद करण्यास तो विसरला नाहीं. तो बहुतेक गोव्यास राही, आणि बेटाची वहिवाट कुळांकडून होई. म्हणजे नांगर त्यानें कधीं धरला नाहीं, माडावरही तो कधीं चढला नाहीं. तो जमीनदार होता, हें आपण विसरतां कामा नये. परंतु जमीन आपल्या नांवावर झाल्यावर पुष्कळ लोक उत्पन्नाची चौकशी करितात. गार्सियानें झाडांची चौकशी केली. एवढाच त्याच्यांत व इतरांत फरक.

आतां त्यानें आपल्या माडाविषयीं काय लिहिलें तें पाहूं. माड व नारळ हे आपले शब्द त्यानें पोर्तुगीज कानांनीं जसे ऐकिले तसे लिहून ठेविले आहेत. नारळाच्या पाण्यापासून खोबऱ्यापर्यंत, तेलापासून करवंटीच्या कोळशापर्यंत, झावळ्यांच्या शाकारणीपासून माडी, गूळ व शिरक्यापर्यंत या एका झाडाचे उपयोग त्यानें मोजून दाखविले. काथ्याचें दोर खाऱ्या पाण्यांत कुजत नाहींत, म्हणून गलबतांस तेच लागतात, हेंही त्यानें हेरलें. भंडारी लोक पोय बांधून तिचें टोंक कापतात व तींतून गळणारी माडी मडक्यांत धरितात, ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. पण युरोपांतील वाचकास ती एखाद्या अद्भुत कथेसारखी वाटली असेल. सुपारीसंबंधानें त्यानें लिहिलें कीं, दख्खन व गुजराथ या प्रांतांत तिला सुपारी म्हणतात व अरब लोक तिला फोफळ म्हणतात. लोक ती विड्याच्या पानाशीं व चुन्याशीं चावितात. आणि कांहीं सुपारी खाल्ली असतां भोंवळ येते. सुपारी लागणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभविलें आहे त्यास या टिपणाची सत्यता पटेल.

येथें थोडें थांबून आपल्या पोफळीच्या वर्षाकडे पाहूं. कारण गार्सियाच्या काळीं जो क्रम होता तोच पुष्कळसा आजही आहे. जून व चांगल्या झाडाची पक्व सुपारी निवडून रुजत घालावी. रोप वर्षा-दोन वर्षांचें झालें म्हणजे केळीच्या सावलींत लावावें. कारण कोंवळ्या पोफळीस ऊन सोसत नाहीं. मग पाटाचें पाणी, शेणखत व पालापाचोळा देत पांच ते आठ वर्षें वाट पाहावी, तेव्हां पहिला घोस दिसतो. पावसाळ्यांत कोळेरोग आला तर कोंवळीं फळें सडून खालीं पडतात. म्हणून घोसांवर आच्छादन बांधावें लागतें किंवा मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारावें लागतें. दिवाळीनंतर फळांस पिंवळा-नारिंगी रंग चढूं लागतो. मग पाडेकरी पायांत दोरीचा फांस अडकवून सरसर वर जातो, घोस उतरवितो, आणि खालीं न येतांच झोंका घेऊन दुसऱ्या पोफळीवर जातो. उतरविलेली सुपारी अंगणांत सुमारें चाळीस दिवस वाळवावी, वरचेवर परतावी, रात्रीच्या दंवापासून जपावी, आणि मग सोलावी. श्रीवर्धनची रोठा सुपारी जी बाजारांत मान पावली आहे, ती या चाळीस दिवसांच्या जागरूकतेमुळेंच. घरांतील बायकांचे व म्हाताऱ्यांचे हात तींत किती असतात, हें सुपारी कातरणारास ठाऊक नसतें.

अशा वाडीचें दुःख केवढें असतें, हें आपण ३ जून २०२० रोजीं पाहिलें. त्या दिवशींच्या निसर्ग चक्रीवादळानें श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या वाड्या एका दुपारीं आडव्या केल्या. भाताचें पीक गेलें तर पुढल्या वर्षीं पुन्हा येतें. पोफळ पडली तर आजोबांनीं लाविलेलें नातवाच्या तोंडचें जातें. म्हणून वाडीवाला हा स्वभावतःच पुढील पिढीकरितां जगणारा मनुष्य असतो.

कित्येकांस वाटेल कीं अशी लहान बागाइती आपल्याच किनाऱ्यावर आहे. पण तसें नाहीं. आपण जी कॉफी पितों, तिचेही पुष्कळ मळे असेच लहान असतात व तीच चिकाटी मागतात. गार्सियाच्या ग्रंथांत कॉफीचें प्रकरण नाहीं, कारण तेव्हां ती हिंदुस्थानांत पिकतच नव्हती. परंपरा अशी सांगते कीं सतराव्या शतकांत बाबा बुडन या फकिरानें अरबस्थानांतून सात बिया लपवून आणून म्हैसूरकडील चंद्रगिरीच्या डोंगरावर लाविल्या. तेथें फाल्गुन-चैत्रांत वळिवाच्या दोन सरी पडल्या म्हणजे झुडपें पांढऱ्या सुवासिक फुलांनीं भरून जातात. त्या सरी चुकल्या तर वर्षाचें पीक बुडतें. मोठ्या झाडांच्या सावलींत फळें हळूहळू भरतात आणि कार्तिकापासून माघापर्यंत तांबडीं होतात. सर्व फळें एकदम पिकत नाहींत; म्हणून तोडणी करणारांस तींच तींच झुडपें पुन्हा पुन्हा फिरून फक्त तांबडीं फळें हातांनीं खुडावीं लागतात. मग सुपारीप्रमाणेंच खळ्यावर वाळवण, परतणी व राखण. कॉफीला थंड डोंगर लागतो, म्हणून आपल्या सपाट किनाऱ्यावर ती रमली नाहीं. पण मलनाडांत पोफळीच्या बागेंतच कॉफी लावणारे शेतकरी आहेत. सावली, पाणी, ऋतु आणि मनुष्याचे धीराचे हात, या चार गोष्टी दोहोंसही सारख्याच लागतात.

आतां पुन्हा गार्सियाकडे वळूं. तीस वर्षें पाहिलेलें व विचारलेलें सर्व त्यानें एका ग्रंथांत गोंवलें. हिंदुस्थानांतील साध्या व औषधी द्रव्यांविषयीं संवाद, असें त्या ग्रंथाचें स्वरूप आहे. गोव्यास छापखाना येऊन सातच वर्षें झालीं होतीं. तेथेंच १० एप्रिल १५६३ रोजीं हा ग्रंथ छापून निघाला. छापणाराच्या हातून चुका इतक्या झाल्या कीं अखेरीस कित्येक पानांचें शुद्धिपत्र जोडावें लागलें. पोर्तुगालचा महाकवि कामोंइश त्या वेळीं गोव्यांत होता. त्याची प्रथम छापलेली कविता याच ग्रंथाच्या आरंभीं आहे. त्या काळचे पंडित लॅटिनमध्यें लिहीत. परंतु अधिक लोकांस उपयोग व्हावा म्हणून गार्सियानें आपल्या चालू भाषेंत, पोर्तुगीजमध्यें, लिहिलें. मातृभाषेंत शास्त्र लिहितां येत नाहीं असें म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

ग्रंथाची रचना मोठी मौजेची आहे. रुआनो नांवाचा एक काल्पनिक पंडित स्पेनहून गोव्यास येतो व गार्सियाच्या घरीं उतरतो. एकेका वस्तूवरून दोघांचें बोलणें चालतें. रुआनो प्रत्येक वेळीं प्राचीन ग्रंथकारांचा आधार दाखवितो. गार्सिया बागेंतील झाड दाखवितो. मध्येंच घरची दासी अंतोनिया हिला हाक जाते, ती पानें किंवा फळें आणून समोर ठेविते, आणि वाद मिटतो. स्पेनमध्यें असतों तर या थोर ग्रंथकारांविरुद्ध बोलण्याचें धैर्य मला झालें नसतें, अशा अर्थाची कबुलीही त्यानें दिली आहे. मालुपा नांवाच्या एका हिंदु वैद्याचा उल्लेख तो आदरानें करितो, आणि येथील वैद्यांचा उपचार जेथें अधिक गुणकारी वाटला तेथें तसें मोकळेपणानें सांगतो. पटकीच्या रोगाचें युरोपियनानें केलेलें अगदीं आरंभींचें स्पष्ट वर्णन याच ग्रंथांत आहे. त्या रोगाचें देशी नांव म्हणून त्यानें जो शब्द दिला आहे, तो आपला मोडशी हाच होय. कोंकणांतील कोण्या रोग्याच्या वा वैद्याच्या तोंडून ऐकिलेला शब्द अशा रीतीनें युरोपांतील वैद्यकाच्या ग्रंथांत जाऊन बसला.

या ग्रंथांत एक उणीव आहे, ती मात्र सांगितली पाहिजे. ज्या माळ्यांनीं, पाडेकऱ्यांनीं व दासदासींनीं त्यास हें ज्ञान दिलें, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांत नाहींत. अंतोनिया आहे, पण ती हुकूम झेलण्यापुरतीच. गुलाम ठेवणें ही त्या काळची रीत होती व गार्सिया त्या रीतीच्या वर उठला नाहीं. थोर मनुष्याचे दोष सांगितल्यानें त्याचें थोरपण कमी होत नाहीं. उलट तो आपणांस जवळचा वाटतो.

बागेंतील हा संवाद चालू असतां घरांत मात्र भय वाढत होतें. लिस्बन येथें त्याच्या बहिणींस धर्मन्यायसभेनें पकडलें होतें. सुटका झाल्यावर १५४९ च्या सुमारास आई व बहिणी गोव्यास त्याच्या आश्रयास आल्या. परंतु समुद्र ओलांडल्यानें संकट टळलें नाहीं. १५६० सालीं गोव्यासही धर्मन्यायसभा स्थापन झाली. म्हणजे ग्रंथ छापला गेला त्या वेळीं ती सभा त्याच शहरांत बसली होती. जो मनुष्य मिऱ्यांविषयीं व सुपारीविषयीं निर्भयपणें सत्य लिहीत होता, त्यास स्वतःच्या मनांतील सत्य दार लावूनही बोलण्याची चोरी होती. ही त्याच्या आयुष्यांतील खरी शोकांतिका आहे. झाडांचीं खरीं नांवें शोधण्यांत ज्यानें जन्म घालविला, त्यास स्वतःचें खरें नांव लपवावें लागलें.

इ. स. १५६८ मध्यें गार्सिया आजारानें मरण पावला. त्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यांत आलें, आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजीं गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून तिला गोव्यांत जिवंत जाळण्यांत आलें. नातेवाइकांकडून ज्या जबान्या घेण्यांत आल्या, त्यांत गार्सियाही मनानें यहुदीच होता असें आलें. धाकाखालीं दिलेल्या या जबान्यांवर मेलेल्या मनुष्याची चौकशी झाली, तो दोषी ठरला, आणि ४ डिसेंबर १५८० रोजीं त्याचीं हाडें उकरून काढून जाळण्यांत आलीं. ज्या गोव्यानें त्याच्या हातून औषध घेतलें, त्या गोव्यानें त्याची कबरही राहूं दिली नाहीं.

मुलांनो, हें कृत्य ख्रिस्ताच्या नांवानें झालें. ज्यानें शत्रूवर प्रीति करावयास शिकविलें व जो स्वतः यहुदी कुळांत जन्मला, त्याच्या नांवानें एका यहुदी बाईस जाळावें, याहून मोठें विपरीत कोणतें? ती धर्मन्यायसभा १८१२ मध्यें कायमची बंद झाली. पण मनुष्याच्या मनावर जुलूम करून त्यास देवाकडे नेतां येतें, ही समजूत अजून सर्वत्र बंद झालेली नाहीं. ती कोणत्याही धर्माच्या नांवानें आली तरी तिला ओळखावें, म्हणून हा भाग मी तुम्हांस सांगितला.

या गोष्टीच्या उलट बाजूस आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट ठेवून पाहा. अलिबाग, रेवदंडा व आसपासच्या खेड्यांत बेने इस्राएल लोक, त्यांच्या परंपरेप्रमाणें, शतकानुशतकें राहत आले. ते तेलाचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. शनिवारीं त्यांचा घाणा कां थांबतो, याची चौकशी करावयास येथें कोणी न्यायसभा बसली नाहीं; लोकांनीं त्यांस एक नांव दिलें आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्याकडून तेल घेतलें. १९४८ नंतर त्यांच्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. तरी अलिबागची इस्राएल आळी व तेथील आणि रेवदंड्याचें प्रार्थनामंदिर आजही उभें आहे. गार्सिया ज्या शनिवारासाठीं तळमळला असेल, तो शनिवार त्याच्या दारापासून कांहीं मजलांवर, याच माडांच्या सावलींत, उघडपणें पाळला जात होता. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास सुखानें जगूं देणें ही लहान गोष्ट नव्हे.

गार्सियाचीं हाडें जाळलीं, पण त्याचा ग्रंथ जळला नाहीं. तो छापल्यावर थोड्याच दिवसांत क्लूशियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातीं पडला, आणि त्यानें १५६७ मध्यें अँटवर्प येथें त्याचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला. त्यामुळें सर्व युरोपास आपल्या आगरांची ओळख झाली. १९१३ सालीं सर क्लेमेंट्स मार्कम यानें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर लंडनास छापलें गेलें. आणि ज्या गोव्यानें त्याची कबर मोडली, त्याच गोव्याच्या राजधानींत, पणजीस, एका सार्वजनिक बागेस त्याचें नांव देण्यांत आलें. वनस्पतींत रमलेल्या मनुष्याला याहून योग्य स्मारक कोणतें?

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस एक विनंति. या सुटींत आपल्या वाडींत जा. आजोबांस किंवा पाडेकऱ्यास विचारा : पोफळीच्या प्रत्येक भागास काय म्हणतात, कोणत्या नक्षत्रांत कोणतें काम, निसर्ग वादळांत किती झाडें पडलीं व किती पुन्हा लाविलीं. जें सांगतील तें वहींत लिहून ठेवा, आणि ज्यानें सांगितलें त्याचें नांवही त्याखालीं लिहा. गार्सियानें जें केलें तें तर तुमच्या हातून होईलच. पण जें त्यानें करावयाचें ठेविलें, तेंही होईल. पुढील अंकांत अशीं दोनतीन टिपणें छापावयास मिळालीं, तर हें चरित्र लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.